ढोल काढून टाकला तर नाटक उरतं का?

हौशी नाट्यसंस्थेत काम करणाऱ्या एका तरुण दिग्दर्शकाने विचारलं आहे: "वोले सोयिंका आणि ओला रोटिमी या नायजेरियन नाटककारांची नाटकं वाचतोय. एकीकडे म्हणी, ढोल, योरुबा देवदेवता; दुसरीकडे ग्रीक शोकांतिका, इडिपस, मुखवट्यांचा नाच. हे मिश्रण नेमकं होतं कसं? सांगाडा युरोपचा आणि वर आफ्रिकी कपडे, एवढंच आहे का? मराठीत करायचं झालं तर हात कुठे घालावा?"

तुम्ही कपडे हा शब्द वापरलात, तर तिथूनच सुरू करते, कारण माझी पहिली चूक कपड्यांचीच होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत आम्ही रोटिमीच्या इडिपसवरच्या नाटकातले दोन प्रवेश मराठीत केले. मुलांना लुंग्या नेसवल्या, गळ्यात मणी घातले, ढोलकी आणि संबळ मागवला, प्रवेशाच्या आधी आणि नंतर गाणी टाकली. प्रयोग संपल्यावर एका जुन्याजाणत्या नटाने पाठीवर हात ठेवून सांगितलं, "इडिपस चांगला झाला. मधली गाणी जरा कमी करा." मी दुसऱ्या दिवशी गाणी काढली. प्रवेश दहा मिनिटांनी लहान झाला आणि कुणाला काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही. मलासुद्धा नाही. म्हणजे दोष माझा होता. मी गाणी अशा जागी लावली होती जिथे त्यांच्यावर कसलाच भार नव्हता.

तेव्हापासून अशा कुठल्याही नाटकाला मी एकच प्रश्न विचारते. यातली मौखिक परंपरेची गोष्ट, म्हणजे म्हण, बिरुदावली, ढोल, कोडं, जे काही असेल ते, कात्रीने कापून बाजूला ठेवलं तर कथा मोडते का? मोडली तर ते मिश्रण. नाही मोडली तर ती सजावट. हीच कात्री उलट बाजूनेही चालवायची, युरोपकडून आलेल्या भागावर. सोयिंकाचं 'डेथ अँड द किंग्ज हॉर्समन' (1975) दोन्ही बाजूंनी टिकतं. म्हणून या उत्तरात बराच वेळ मी त्याच नाटकात काढणार आहे.

त्याआधी एक गैरसमज दूर करते. योरुबा म्हणजे नैऋत्य नायजेरियातले लोक आणि त्यांची भाषा. युरोप योरुबा रंगभूमीवर ग्रीक नाटककार सोफोक्लिसचं बोट धरून आला, असं आपल्याला वाटतं, कारण आपल्या हाती पुस्तकं तीच लागतात. प्रत्यक्षात तो चर्चमधून आला. मिशनऱ्यांनी इंग्रजी भजनं योरुबात आणली आणि चाली मूळच्याच ठेवल्या. पण योरुबा ही सुरांची भाषा आहे. तिच्यात उंच, मधला आणि खालचा असे तीन सूर आहेत आणि सूर बदलला की शब्द बदलतो. 'ओको' हा एकच उच्चार घ्या. सुरानुसार तो नवरा होतो, कुदळ होतो, गाडी किंवा होडी होतो, भाला होतो. इंग्रजी चालीवर योरुबा शब्द बसवले की देवाच्या स्तुतीचं भलतंच काहीतरी व्हायचं. त्यामुळे भाषेच्या सुराला धरून देशी चाली बांधण्याची चळवळ चर्चमध्येच सुरू झाली आणि त्यातून बायबलच्या कथांवर संगीत नाटकं होऊ लागली. ह्यूबर्ट ओगुंडेने 1944 साली लागोसमध्ये केलेलं पहिलं नाटक एदेनच्या बागेवर होतं. दुसऱ्याच वर्षी तो संपावर आणि उपासमारीवर नाटक करत होता. पुढे 1964 मधल्या त्याच्या 'योरुबा रोनू' या नाटकावर पश्चिम प्रांताच्या सरकारने बंदीही घातली. ड्युरो लाडिपोची कथाही चर्चमध्येच सुरू होते. त्याने ओशोग्बोमध्ये ईस्टरच्या संगीतात बाटा ढोल आणले. बाटा म्हणजे शांगो या गडगडाटाच्या देवाचं वाद्य. चर्चमधले लोक चिडले, तो बाहेर पडला आणि त्याने शांगोवरच 'ओबा कोसो' रचलं, जे 1964 मध्ये बर्लिनला जाऊन आलं.

आणि चर्चच्याही आधीचं एक दृश्य मला फार आवडतं. 1826 मध्ये ह्यू क्लॅपरटन हा स्कॉटिश प्रवासी जुन्या ओयो शहरात पोहोचला तेव्हा राजाने पाहुण्यांसाठी मुखवटेधाऱ्यांचा खेळ ठेवला. त्यात एक मोठा अजगर झाला आणि शेवटी एक 'गोरा भूत' अवतरला, थंडीने कुडकुडणारा, अवघडलेला गोरा माणूस. पाहुण्यांसमोर पाहुण्यांचीच नक्कल. म्हणजे युरोपने योरुबा नाटकावर प्रभाव टाकण्याच्या कितीतरी आधी योरुबा नाटकाने युरोपियन माणसाचं सोंग काढून ठेवलं होतं. हे सोंग काढणाऱ्या फिरत्या मंडळ्यांना पुढे अलारिंजो म्हणू लागले. सोयिंकाच्या नाटकात बाजारातल्या पोरी काळ्या पोलीस सार्जंटची काठी पळवतात आणि गोऱ्या साहेब-मडमांच्या तोंडचं इंग्रजी बोलून दाखवतात. तो प्रवेश या जुन्या खेळाच्या वंशातला आहे. तो शेरिडन किंवा वाइल्ड यांच्या इंग्रजी सुखात्मिकांमधल्या विनोदासारखा वाचू नका. मी एकदा तसा वाचून बसवला आणि पोरी बाजारातल्या न वाटता ड्रॉइंग रूममधल्या वाटायला लागल्या.

आता त्या नाटकाकडे वळू. गोष्ट थोडक्यात: ओयोचा राजा, म्हणजे आलाफिन, वारला आहे. परंपरेप्रमाणे महिन्याभराने, त्याच्या दफनाच्या रात्री, राजाच्या अश्वपालाने, एलेसिनने, स्वेच्छेने मृत्यू पत्करून राजाला सोबत करायची आहे. एलेसिन बाजारात येतो, जगण्याची चव अजून सुटलेली नाही, आणि वाटेत दिसलेल्या एका तरुण मुलीशी त्याच रात्री लग्न लावून मागतो. इंग्रज जिल्हा अधिकारी पिल्किंग्ज त्याला अटक करून 'वाचवतो'. विलायतेत डॉक्टरी शिकणारा मुलगा ओलुंडे वडिलांच्या अंत्यविधीसाठी परतला आहे. बाप जिवंत दिसतो तेव्हा बापाच्या जागी तो मरतो. हे कळल्यावर एलेसिन कोठडीत हातातल्या साखळीनेच गळा आवळून घेतो.

पहिली कात्री ढोलावर चालवू. दुसऱ्या प्रवेशात पिल्किंग्जच्या बंगल्यावर ग्रामोफोनवर टँगो चालू आहे. लांबून ढोल ऐकू येतायत. गोरा जिल्हा अधिकारी ख्रिश्चन झालेल्या घरगड्याला, जोसेफला, विचारतो की हे कशाचे ढोल? जोसेफ गोंधळतो. म्हणतो, मोठ्या सरदाराच्या मृत्यूसारखं वाटतं, आणि मग मोठ्या सरदाराच्या लग्नासारखं वाटतं. त्याला काही सुधरत नाही. प्रेक्षकाने पहिला प्रवेश पाहिलेला असतो, त्यामुळे त्याला माहीत असतं की जोसेफ अचूक वाचतोय. त्या रात्री दोन्ही चाललंय आणि नाटकातलं सगळं अरिष्ट त्या 'दोन्ही'मध्येच आहे. बंगल्यावर ही बातमी ढोलानेच आणली आणि साहेबाने ती गड्याचा गोंधळ म्हणून सोडून दिली.

हे चमत्कारिक वाटत असेल तर ढोल बोलतो म्हणजे काय ते सांगते. दुंदुन हा मध्ये बारीक, दोन्ही तोंडांना मोठा, डमरूच्या घाटाचा ढोल. दोन्ही तोंडांच्या पुड्या दोऱ्यांनी जोडलेल्या असतात. वादक तो काखेत धरतो, दोऱ्या दाबतो आणि आकड्यासारख्या वाकड्या काठीने वाजवतो. दाब वाढला की सूर चढतो, सैल केला की उतरतो. योरुबाचे तीन सूर आणि मधली घसरण ढोल हुबेहूब काढतो. व्यंजनं आणि स्वर त्याला काढता येत नाहीत, म्हणून एकट्या शब्दाऐवजी लांबलचक ठरलेली वाक्यं, नावं, बिरुदं वाजवली जातात. लांबी वाढली की संदिग्धता कमी होते. जोडीतल्या मुख्य ढोलाला इया इलू म्हणतात, म्हणजे ढोलाची आई. ती बोलते, बाकीचे ताल धरतात. आमच्या कार्यशाळेत मी हे समजावून सांगत असताना संबळ वाजवणाऱ्या काकांनी मला विचारलं, "बाई, मग मी वाजवायचं की बोलायचं?" तो प्रश्न मी आधी स्वतःला विचारायला हवा होता.

चौथ्या प्रवेशात हाच ढोल परत येतो आणि काम दुप्पट होतं. रेसिडेन्सीत नाच चालू आहे, बाहेर ओलुंडे आणि पिल्किंग्जची बायको जेन बोलतायत. युद्धकाळ आहे. बंदरातलं जहाज बाकीच्यांना धोका होऊ नये म्हणून स्वतःसकट उडवून देणाऱ्या कप्तानाची गोष्ट जेनने नुकतीच सांगितली आहे. तिला ती मूर्खपणाची वाटते, ओलुंडेला नाही. बोलता बोलता दूरच्या ढोलाची लय बदलते. ओलुंडे थांबतो आणि शांतपणे सांगतो की झालं, संपलं. वडील गेले. जेन किंचाळते, तिला त्याचा शांतपणा क्रूर वाटतो. इथे दोन माणसं शेजारी उभी आहेत, एकीला आवाज ऐकू येतोय आणि दुसऱ्याला मजकूर. मग थोड्याच वेळात बेड्या घातलेला एलेसिन जिवंत समोर येतो. ढोलाने ठरल्या घटकेला ठरलेली गोष्ट सांगितली होती, माणूस मागे राहिला होता. मला तरी या नाटकातला सगळ्यात भयंकर क्षण हाच वाटतो, दोन मृत्यूंपेक्षाही. कात्री चालवा बघू इथे. ढोल काढला तर ओलुंडेला वडिलांचं मरण कळायला एक निरोप्या लागेल, ग्रीक नाटकात येतो तसा. आणि निरोप्या खोटं बोलला, एवढाच अर्थ उरेल.

दुसरं उदाहरण केळीचं. पहिल्या प्रवेशात नवरी मागताना एलेसिन केळीचा दाखला देतो. आईचा खुंट वाळत असतानाच शेजारी मुनवा फुगत असतो, माझं जाणं तसं होऊ द्या, म्हणजे जाता जाता बीज ठेवू द्या. बायकांना हे पटतं. दाखला इतका चपखल आहे की बाजाराची म्होरकी इयालोजाही अडते आणि तिच्या स्वतःच्या मुलाला नेमलेली मुलगी त्याला देते. एका दाखल्याच्या जोरावर कथा वळण घेते. शेवटच्या प्रवेशात इयालोजा कोठडीत येते आणि त्याचाच दाखला त्याला परत करते. तू केळीचा एवढा जाणकार, तर सांग, आईचा खुंट वाळून मुनव्याला रस देतो, की तुझ्या शहाणपणात तो उलटा वाहतो? एलेसिनला प्रश्न कळत नाही. मुलाचं प्रेत गुंडाळून बाहेर आणलेलं आहे, हे त्याला अजून माहीत नाही. जळगावकडच्या कुणालाही हा प्रवेश वाचून दाखवा, तळटीप लागणार नाही.

योरुबात एक प्रसिद्ध म्हण आहे, की म्हण हा बोलण्याचा घोडा; बोलणं हरवलं की म्हणीवर बसून ते शोधायचं. आणि एलेसिन या शब्दाचा अर्थच 'घोडेवाला'. सोयिंकाने हे जोडून ठेवलंय की योगायोग, त्यावर मी वाद घालत नाही. पण नटाला हे सांगितलं की त्याच्या बोलण्यात फरक पडतो. पहिल्या प्रवेशात तो शब्दांवर स्वार असतो. कोठडीत त्याच्याकडे सबबी असतात आणि घोडा इयालोजाच्या हातात गेलेला असतो.

तिसरी गोष्ट बिरुदावलीची, आणि इथे मराठीत करणाऱ्याला पाय घसरण्याची पक्की जागा आहे. एलेसिनच्या मागे एक स्तुतिगायक असतो. त्याला ओलोहुन-इयो म्हणतात. शब्दशः 'मिठाच्या आवाजाचा'. मी आधी 'गोड गळ्याचा' केलं होतं. मग लक्षात आलं की आपल्याकडेही लावण्य हा शब्द लवणातूनच आलाय, मग साखर कशाला? तो जे गातो त्याला ओरिकी म्हणतात. बिरुदावली हा आपला शब्द जवळचा आहे, पण ओरिकी म्हणजे नुसती स्तुती नव्हे. तिच्यात घराण्याची नावं, जुन्या लढाया, खोड्या, क्वचित लाजिरवाण्या आठवणीही असतात, आणि सलग गोष्ट नसते, तुकडे असतात. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ कॅरिन बार्बर यांनी ओकुकू या योरुबा गावात राहून यावर मोठं संशोधन केलं. तिथे ओरिकी म्हणणाऱ्या बहुतेक बायका आहेत. ज्याची ओरिकी म्हणतात त्याला उद्देशून, समोर, 'तू' म्हणून ती म्हटली जाते. ती ऐकून माणूस फुलतो, मोठा होतो, आणि मेलेल्या पूर्वजाला म्हटली तर तो जवळ येतो.

मी स्तुतिगायकाला शाहीर केलं. डफ, पोवाड्याची चाल, जी जी रं जी. चार दिवसांच्या तालमीनंतर प्रवेश दगडासारखा पडला. कारण साधं होतं. शाहीर झाली गोष्ट प्रेक्षकांना सांगतो, पाठ नायकाकडे, तोंड लोकांकडे. ओरिकी म्हणणारा लोकांना सांगत नसतो, तो त्या एका माणसाला खेचत असतो. मग आमच्या काकांनीच वाट दाखवली. गोंधळातलं आवाहन घ्या म्हणाले. तुळजापूरची भवानी गोंधळा ये, कोल्हापूरची लक्ष्मी गोंधळा ये. नाव घ्यायचं, गाव घ्यायचं आणि बोलवायचं. आम्ही चाल घेतली नाही, कारण मग प्रेक्षकांना तुळजापूरच दिसलं असतं. फक्त ती ओढ घेतली, नावामागून नाव, आणि प्रत्येक नावापाशी नटाने एक पाऊल पुढे यायचं. तिसऱ्या प्रवेशातली एलेसिनची तंद्री त्यानंतरच जमली. तिथे स्तुतिगायक मेलेल्या राजाच्या आवाजात बोलू लागतो, माझा आवाज ऐकू येतो का म्हणून विचारत राहतो, आणि एलेसिनची उत्तरं हळूहळू लांबून येऊ लागतात. तो अंगात आल्यासारखा नाचत नाही. उलट, शरीर जड होत जातं. आपल्या नटांना घुमायची फार हौस असते, ती इथे आवरावी लागते.

आता कात्री उलट बाजूने. या नाटकात युरोपचं काय आहे, आणि ते काढलं तर काय होईल? सोयिंका 1954 ते 57 लीड्सला शिकला. शेक्सपिअरचा मोठा अभ्यासक जी. विल्सन नाइट हा तिथला त्याचा शिक्षक. नंतर लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये तो आलेल्या संहिता वाचायचं काम करत होता. त्यामुळे नाटक कुठे आवळायचं आणि कुठे सोडायचं हे त्याच्या हातात मुरलेलं आहे. एका रात्रीत सगळं घडतं. मध्यंतर घेऊ नका अशी त्याची सूचनाच आहे. बाजार आणि बंगला आलटून पालटून येतात आणि प्रत्येक वेळी प्रेक्षकाला एका बाजूच्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक असतं. ही नाट्यगत विडंबना विधीत नसते. विधीत जमलेल्या सगळ्यांना सगळं माहीत असतं, कुणी अडाणी राहिला तर तो बाहेरचा. हा अडाणी माणूस रंगमंचावर मध्यभागी उभा करून त्याच्या अडाणीपणावर रात्र पुढे ढकलणं, हे युरोपीय नाटकाचं तंत्र आहे. ते काढलं तर एक सुंदर अंत्यविधी उरेल. नाटक उरणार नाही.

दोन्ही गोष्टी एकाच वस्तूत पाहायच्या असतील तर पिल्किंग्ज नवरा-बायकोने नाचासाठी घातलेला पोशाख पाहा. तो एगुंगुनचा आहे, म्हणजे पूर्वजाच्या सोंगाचा, जप्त करून आणलेला. एगुंगुनमध्ये आतला माणूस दिसत नाही, दिसायचाच नसतो. कापडाच्या आत पूर्वज असतो. सार्जंट अमुसा मुसलमान आहे, तरी मृत्यूच्या वस्त्राशी मृत्यूबद्दल बोलायला तो नकार देतो. हट्टाने लिहून देतो, पण बोलत नाही. साहेबांच्या लेखी ते फॅन्सी ड्रेस. युरोपीय नाटकात मुखवट्यांचा नाच ही जुनी सोय आहे, ओळख लपवायची. योरुबात मुखवटा हीच ओळख आहे. सोयिंकाने एकच कापड दोन रंगभूमींच्या मधोमध टांगलं आणि दोघांना आपापलं वाचू दिलं. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना अमुसाचं अवघडणं लगेच कळतं. तिथेही मुखवटा चढला की त्या माणसाच्या पाया पडतात.

मूळ घटना खरी आहे. ओयोमध्ये 1944 च्या अखेरीस आलाफिन वारला, आणि 1945 च्या सुरुवातीला इंग्रज अधिकाऱ्याने अश्वपालाला अडवलं, तेव्हा त्याच्या मुलाने जीव दिला. याच घटनेवर लाडिपोने 1964 मध्ये योरुबात 'ओबा वाजा' केलं होतं आणि त्यात दोष सरळ इंग्रजांवर ठेवला. सोयिंकाने काळ थोडा मागे नेला आणि दोष एलेसिनच्या मनात आणला. प्रस्तावनेत तो बजावतो की याला संस्कृतींचा संघर्ष म्हणू नका, गोरा अधिकारी फक्त निमित्त आहे. आपल्याकडे महाविद्यालयांतून हे नाटक नेमकं 'संस्कृतींचा संघर्ष' म्हणूनच शिकवलं जातं, तो भाग वेगळा. दिग्दर्शकाने लेखकाचं किती ऐकावं? माझं मत, इथे बरंच ऐकावं. पिल्किंग्जला खलनायक केलंत की एलेसिन बळी होतो, आणि बळी पडलेल्या माणसाची शोकांतिका होत नाही, त्याची बातमी होते.

या मागे सोयिंकाचा स्वतःचा सिद्धांत आहे. मेलेल्यांचं, जिवंतांचं आणि अजून न जन्मलेल्यांचं अशी तीन जगं, आणि त्यांच्यामधली धोक्याची दरी ही चौथी जागा. लोखंडाचा देव ओगुन हा ती दरी पहिल्यांदा ओलांडणारा, म्हणून तो पहिला नट. यात जर्मन तत्त्वज्ञ नित्शेची छाया स्पष्ट आहे आणि सोयिंका ती लपवत नाही. 1973 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी त्याने युरिपिडिसचं 'बाकाय' नव्याने लिहिलं तेव्हा डायोनिसस आणि ओगुन जवळजवळ भाऊ करून टाकले, आणि शेवटी पेंथिअसच्या छिन्न मस्तकातून रक्ताऐवजी मद्य उसळवलं. चिन्वेइझू आणि इतर नायजेरियन समीक्षकांनी त्याच्यावर दुर्बोध, युरोपाळलेला म्हणून तुटून टीका केली. ती टीका त्याच्या काही कवितांबाबत मला पटते. या नाटकाबाबत नाही.

रोटिमीचं 'द गॉड्स आर नॉट टू ब्लेम' 1968 मध्ये नायजेरियातल्या इफे शहरात झालं. नकळत बापाला मारून आईशी लग्न करणारा इडिपस इथे ओडेवाले होतो, कुतुजेचा राजा. इथे कात्री चालवणं अवघड आहे, कारण सोफोक्लिसची कथा इतकी घट्ट आहे की ती काहीही चालवून घेते. मी फसले ती इथेच. पण एक जागा नीट पाहा. ग्रीक नाटकात बाप-मुलगा तिठ्यावर भेटतात, रस्ता कोण सोडणार यावरून भांडतात. रोटिमीत ते शेतात भेटतात. ओडेवालेने विकत घेतलेल्या जमिनीतले याम, म्हणजे कोनफळाच्या जातीचे कंद, म्हातारा उपटतोय. भांडण जमिनीचं आहे, आणि हाणामारीला तोंड फुटतं ते म्हाताऱ्याने त्याच्या जमातीवरून केलेल्या हेटाळणीने. म्हातारा मंत्र टाकतो, ओडेवाले ओगुनचं नाव घेतो आणि कुदळीने वार करतो. कुदळ लोखंडाची, लोखंड ओगुनचं. तेव्हा देशात बियाफ्राचं यादवी युद्ध चालू होतं. नावातले देव म्हणजे बाहेरच्या महासत्ता, त्यांना दोष देऊ नका, आपली जमातीजमातीतली शंका बघा, असा रोटिमीचा रोख होता. शिवाय योरुबा समजुतीत नशीब जन्माआधी निवडलेलं असलं तरी बळी आणि उपाय करून त्यात फेरफार करता येतो. त्यामुळे अटळ ग्रीक दैव तिथे नीट बसतच नाही, आणि ती फट रोटिमी माणसाच्या रागाने बुजवतो. तालमीत माझ्या हातून निसटलेली गोष्ट ही होती. मी भविष्यवाणीचा प्रवेश रंगवला आणि शेताचा उरकून टाकला.

फेमी ओसोफिसान पुढच्या पिढीचा. त्याला सोयिंकाचे देवही पुरेसे वाटत नाहीत आणि ग्रीकही. त्याच्या 'टेगोनी'त (1994) सोफोक्लिसची नायिका अँटिगनी स्वतः पात्र म्हणून वसाहतकाळातल्या योरुबा गावात अवतरते, आपली गोष्ट इथे चालू आहे का ते बघायला. 'वन्स अपॉन फोर रॉबर्स'मध्ये तो शेवट प्रेक्षकांना ठरवायला लावतो. समीक्षक लगेच ब्रेख्तचं नाव घेतात. घ्यावं, पण आलो नावाची योरुबा कथा सांगणारा 'आलो ओ!' म्हणतो आणि पोरंटोरं 'आलो!' म्हणत ओ देतात, तेव्हापासून श्रोता कथेत असतोच.

ब्रेख्तवरून आपल्याशी असलेला एक खरा धागा. सोयिंकाने 1977 च्या डिसेंबरात इफेला 'ऑपेरा वोन्योसी' केलं, गे आणि ब्रेख्त यांच्या भिकाऱ्यांच्या ऑपेरावरून. तेलाच्या पैशाने माजलेला नायजेरिया आणि सम्राट म्हणून राज्याभिषेक करून घेणारा मध्य आफ्रिकेचा हुकूमशहा बोकासा, दोघांची त्यात टर होती. वोन्योसी म्हणजे त्या काळी श्रीमंतांमध्ये चाललेली महागडी लेस. त्याच मूळ नाटकावरून पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' आला 1978 मध्ये. मूळ एकच असलेली ही दोन नाटकं काही महिन्यांच्या अंतराने दोन खंडांवर उभी राहिली. ज्यांना मिश्रण अभ्यासायचं आहे त्यांनी ती शेजारी ठेवून वाचावी. तमाशाचा बाज आणि वोन्योसीची गाणी, दोन्हींवर कात्री चालवून बघा. निकाल मी सांगत नाही, भांडण होईल.

तर मराठीत हात कुठे घालायचा? पूर्ण नाटकाला आत्ता नको. 'हॉर्समन'चा फक्त चौथा प्रवेश घ्या, ओलुंडे आणि जेनचा. दोन नट, एक खोली, वेशभूषा नाही. खोलीबाहेर, दार लोटून, एक वादक बसवा, संबळ किंवा हलगी चालेल. त्याला प्रवेशाची संहिता देऊ नका. त्याला तीन वाक्यं द्या, तुमच्या मराठीतली: तो निघाला आहे, तो उंबऱ्याशी आहे, तो पोहोचला. ती वाक्यं त्याने वाद्यावर बसवायची, आठवडाभर, ओलुंडेच्या नटाला डोळे मिटूनही ओळखू येतील इतकी. जेनच्या नटीला ती कधीच सांगायची नाहीत. मग प्रवेश वाचायला बसा, आणि तिसरं वाक्य कधी वाजवायचं हे वादकावर सोडा.

प्रयोग करायचा ठरला तर भाषांतराच्या हक्कांचा पत्रव्यवहार आधी सुरू करा, त्याला वेळ लागतो. तोवर बियी बांडेलेने 2022 मध्ये या नाटकावर केलेला चित्रपट नेटफ्लिक्सवर मिळाला तर पाहा. तो योरुबात आहे. इंग्रजीत लिहिलेलं नाटक ज्या भाषेतून आलं तिच्यात परत गेल्यावर ढोल आणि माणसं एकाच सुरात कशी बोलतात, ते उपशीर्षकं झाकून ऐका.